पहिल्या बिअरमध्ये वायू भरताना: साखर, बाटली आणि तीन आठवडे

एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले, फर्मेंटरमधला (बिअर आंबवायच्या भांड्यातला) फेस खाली बसला, बिअर निवळायला लागली. घरी पहिल्यांदाच बिअर करणारा माणूस इथे हमखास एक घोट चाखून बघतो आणि खट्टू होतो. चव बिअरचीच असते, पण सपाट. जिभेला काही टोचत नाही, ग्लासात फेस उभा राहत नाही. घाबरू नका, बिअर बिघडलेली नाही. तिच्यात वायू भरायचा राहिला आहे, आणि ते काम आतापर्यंत राबलेलं यीस्टच करणार आहे.

बाटल्या भरण्याआधी बिअरमध्ये मोजून थोडी साखर घालायची, याला प्रायमिंग म्हणतात. बिअर निवळलेली दिसली तरी तिच्यात यीस्टच्या कोट्यवधी पेशी तरंगत असतात. त्या ही साखर खातात आणि किंचित अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतात. फर्मेंटरमध्ये हाच वायू एअरलॉकवाटे निघून जात होता. बाटलीला झाकण लागलं की त्याला वाट उरत नाही, मग तो बिअरमध्येच विरघळतो.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बाटलीत किती वायू होणार, हे झाकण बसतं त्या क्षणी ठरून गेलेलं असतं. त्यानंतर त्यात कमीजास्त करणं जवळजवळ अशक्य. म्हणून सगळी काळजी झाकणाच्या आधी घ्यायची. मी पहिल्या बॅचला प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर टाकली होती, कधी सपाट चमचा, कधी शिगोशीग. तिसऱ्या आठवड्यात एका बाटलीने अर्धी बिअर टेबलावर ओतली, दुसरी उघडताना साधा 'फुस्स' आवाजही आला नाही. आणि एक बाटली रात्री बंद कपाटात फुटली. सकाळी बघितलं तर दाराच्या आतल्या बाजूला, लाकडात, नखाएवढी काच रुतून बसली होती. ओढून निघेना, पक्कड घ्यावी लागली. ते दार उघडं असतं आणि मी समोर उभा असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून जात नाही. तेव्हापासून साखर मी फक्त वजनकाट्यावर मोजतो.

आंबणं खरंच संपलंय का?

बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं समजू नका. फर्मेंटरचं झाकण जरा सैल असेल तर वायू कडेने जातो आणि एअरलॉक गप्प बसतो. उलट खोली तापली तर आंबणं संपलेल्या बिअरमधूनही विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुडे दिसत राहतात. भरवसा ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणाऱ्या तरंगत्या काचनळीवर; साखर आंबत जाते तसा तिचा आकडा उतरतो. आज रीडिंग घ्या, दोन-तीन दिवसांनी पुन्हा घ्या. दोन्ही वेळा आकडा तोच आला, समजा १.०१२, आणि तो रेसिपीत दिलेल्या शेवटच्या आकड्याच्या आसपास असला, तर बाटल्या धुवायला घ्या. साध्या एलला (खोलीच्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरला) हे व्हायला बहुतेक वेळा दोन आठवडे लागतात. मोजायला काढलेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका. तो चाखा.

इतकी पारख कशासाठी, ते आकड्यांत बघा. हायड्रोमीटरवर ०.००१ एवढी घसरण म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम वायू. (व्हॉल्यूम म्हणजे काय ते पुढे येतंच आहे.) तुमची बिअर १.०१२ वर थांबणार होती आणि तुम्ही १.०१६ वर असतानाच बाटल्या भरल्या, तर उरलेले चार अंक बाटलीत उतरतील आणि दोन व्हॉल्यूम जास्तीचे तयार होतील, तेही तुम्ही घातलेल्या साखरेच्या वायूशिवाय. साधी काचेची बाटली एवढं सोसेलच असं नाही. आकडा वरच अडकून बसला असेल तर फर्मेंटर दोन-तीन अंश उबदार जागी हलवा, हळूच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवा आणि आणखी आठवडाभर थांबा.

साखर किती

बिअरमधला वायू 'व्हॉल्यूम' या एककात मोजतात. एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू (शून्य अंश तापमान आणि वातावरणाच्या साध्या दाबाला मोजलेला) विरघळला असेल, तर तो एक व्हॉल्यूम. वजनात सांगायचं तर लिटरमागे जवळपास २ ग्रॅम. पारंपरिक ब्रिटिश एलमध्ये १.५ ते २ व्हॉल्यूम असतात, अमेरिकन पेल एल आणि बहुतेक लागरमध्ये (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरमध्ये) २.४ ते २.६, आणि जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये ३.५ किंवा त्याहूनही अधिक. पहिल्या बॅचसाठी २.४ धरा. या पातळीला फेस छान येतो आणि बाटलीवर फाजील ताणही पडत नाही.

आता इथे नवखे चुकतात. आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच विरघळलेला असतो, तो वजा करायचा असतो. किती, ते तापमानावर अवलंबून: २० अंश सेल्सिअसला साधारण ०.८५ व्हॉल्यूम, १० अंशांना १.२ च्या आसपास. कोणतं तापमान धरायचं? आंबणं संपत आल्यापासून बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला राहिली, ते. समजा बिअर २० अंशांना आंबली आणि निवळण्यासाठी तुम्ही ती नंतर दोन दिवस फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवली. तरीही हिशेब २० अंशांचाच. २० अंशांना जो वायू उडून गेला, तो बिअर गार केल्याने परत येत नाही.

घरातल्या साध्या साखरेचा हिशेब सोपा आहे: एका व्हॉल्यूमसाठी लिटरमागे ४ ग्रॅम. हवे आहेत २.४, आधीचे ०.८५, म्हणजे भरायचे १.५५. त्याला ४ ने गुणलं की लिटरमागे ६.२ ग्रॅम. बिअर १८ लिटर असेल तर ६.२ गुणिले १८, म्हणजे ११२ ग्रॅम साखर. झालं.

हे १८ लिटर मात्र खरोखर बाटल्यांत जाणाऱ्या बिअरचे हवेत. फर्मेंटर २० लिटरपर्यंत भरलेला दिसतो, पण तळाशी दीड-दोन लिटर गाळ असतो, आणि तो तुम्ही घेणार नाही. साखर वीस लिटरची आणि बिअर अठरा लिटर, असं झालं की प्रत्येक बाटलीला साखर जास्त जाते.

साखरेऐवजी डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) वापरत असाल तर ते १५ टक्के जास्त घ्या, कारण बाजारात मिळणाऱ्या डेक्स्ट्रोजच्या स्फटिकांत थोडं पाणी धरलेलं असतं. इतक्या थोड्या साखरेने चवीत फरक पडत नाही, त्यामुळे घरात जी असेल ती चालेल. मध किंवा मॉल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) अर्क पहिल्या वेळी नको. त्यात आंबण्याजोगा भाग नेमका किती, हे बरणीगणिक बदलतं. बाटलीत एकेक टाकायच्या तयार साखरगोळ्याही मिळतात. त्या सोयीच्या आहेत, पण बाटलीच्या मापाशी बांधलेल्या असल्यामुळे २.४ की २.०, हे ठरवणं तुमच्या हातात राहत नाही.

बाटल्या

२.४ व्हॉल्यूमच्या बाटलीत २० अंशांना आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १.८ बार जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये २ ते २.३ बार हवा असते, त्यावरून कल्पना करा. तीच बाटली ३० अंशांच्या खोलीत गेली तर दाब अडीच बारच्या वर चढतो. म्हणून बाटली अशीच हवी जी मुळात बिअरसाठी किंवा फसफसणाऱ्या पेयासाठी बनवलेली आहे: दट्ट्या लावून बंद करायच्या पत्र्याच्या झाकणाची जाड तपकिरी बाटली, तारेच्या कडीची बाटली, शॅम्पेनची बाटली किंवा सोड्याची प्लास्टिक बाटली. सरबताच्या, साध्या वाइनच्या, चौकोनी किंवा सजावटीच्या बाटल्या कितीही देखण्या असल्या तरी बाजूला ठेवा. फिरकीच्या झाकणाच्या पातळ बिअर बाटल्याही नकोत, त्यांच्या तोंडावर पत्र्याचं झाकण नीट आवळलं जात नाही. तोंडाला टवका उडालेली किंवा केसाएवढी चीर गेलेली बाटली टाकून द्या.

तपकिरी काचेचा आग्रह एवढ्यासाठी की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांवर उजेड पडला की एक उग्र गंधकयुक्त वास तयार होतो. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांतून उजेड सहज आत शिरतो. तशाच बाटल्या असतील तर त्या खोक्यात, अंधारात ठेवा.

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. आधी घासून मळ काढा. मळावर सॅनिटायझर चालत नाही. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून तळात डोकवा, राखाडी कडं दिसलं तर पुन्हा ब्रश. मग फॉस्फोरिक आम्लाचं, न विसळता वापरायचं सॅनिटायझर किंवा आयोडोफोर (आयोडीनचं सॅनिटायझर), डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. पहिल्या प्रकाराचा फेस बाटलीत राहिला तरी चालतो, तो धुऊन काढायला साधं पाणी वापरलं तर केलेलं काम वाया जातं. आणि ज्या बादलीतून बाटल्या भरणार तिची तोटी पूर्ण उघडून, सुटी करून धुवा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या तोटीच्या आत मागच्या वेळची बिअर चिकटून बसलेली असते, आणि तिथून पुढे ती प्रत्येक बाटलीत जाते.

बाटल्या भरण्याचा दिवस

साखर तोलून घ्या. पाव ते अर्धा लिटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटं उकळा, झाकून गार होऊ द्या. तोवर बाटल्या, झाकणं, नळी, लांब चमचा, दुसरी तोटीची बादली हे सगळं निर्जंतुक करून हाताशी मांडा.

साखरेचं पाणी आधी रिकाम्या बादलीत ओता, बिअर त्यावर येऊ द्या. सायफनच्या नळीचं टोक बादलीच्या तळाशी, कडेला टेकवून असं वळवा की येणारी बिअर गोल फिरत राहील. त्या फिरण्यानेच बरंचसं मिश्रण होतं. फर्मेंटरकडचं टोक गाळाच्या वर ठेवा आणि शेवटचा गढूळ भाग सोडून द्या. सगळी बिअर आली की चमच्याने अगदी सावकाश आठ-दहा वेढे ढवळा. साखरेचं पाणी जड असतं, तळाशी बसतं. ते नीट मिसळलं नाही तर पहिल्या बाटल्या फसफसून उसळतात आणि शेवटच्या सपाट निघतात.

सावकाश म्हणजे खरंच सावकाश. या टप्प्यावर बिअर खळखळली की हवा आत जाते आणि महिनाभरात चवीत ओल्या पुठ्ठ्याची झाक येते. वॉर्टला (न आंबलेल्या गोड द्रवाला) यीस्ट घालताना हवा हवी होती, आता ती वैरी आहे. बिअर वरून ओतू नका, नळीचं टोक कायम पातळीखाली ठेवा.

बाटली भरायला टोकाला झडप असलेली नळी मिळते, ती जरूर घ्या. तळाला टेकवली की बिअर वाहते, उचलली की थांबते. बाटली काठोकाठ भरा आणि नळी बाहेर काढा. नळीने व्यापलेली जागा रिकामी होते आणि वर अडीच-तीन सेंटिमीटर मोकळे राहतात, हवे तितकेच. मग झाकण ठेवून दट्ट्याने आवळा. झाकणाची कडा सगळीकडून सारखी खाली वळलेली हवी. बाटली क्षणभर आडवी करून बघा: थेंब आला तर झाकण बदला. कॅपवर मार्करने तारीख घाला.

अर्ध्या लिटरच्या बाटल्या असतील तर १८ लिटरच्या छत्तीस होतील. त्यातली एक प्लास्टिकची ठेवा. भरल्यावर ती हलकेच दाबून हवा बाहेर काढा आणि चेपलेली असतानाच झाकण लावा. ही तुमची दाबाची खूण. दोन-तीन दिवसांत चेप भरून येतो, आठवड्याभरात बाटली ताठरते, आणि दोन आठवड्यांनी अंगठ्याने दाबलीत तर दगडासारखी लागते. शेजारच्या काचेच्या बाटल्यांत काय चाललंय, ते न उघडता कळतं.

वाट बघण्याचे दिवस

बाटल्या उभ्या, अंधारात, २० ते २४ अंशांना, झाकणाच्या खोक्यात किंवा मोठ्या टबात ठेवा. दोन आठवडे किमान, तीन उत्तम. अल्कोहोल आठ-नऊ टक्क्यांवर असेल तर यीस्ट थकलेलं असतं, महिना-दीड महिना धरा. बाटल्या लगेच फ्रिजमध्ये ठेवल्या तर यीस्ट झोपी जातं आणि साखर तशीच राहते.

तीन आठवड्यांनी मात्र फ्रिज हवाच, आणि तोही दोन दिवस. काही तासांत बिअर गार लागते, पण बाटलीच्या मानेत साठलेला वायू खाली उतरून विरघळायला वेळ घेतो. थंड द्रवात वायू जास्त मावतो: २० अंशांना १.८ बार दाखवणारी तीच बाटली ४ अंशांना ०.७ च्या आसपास येते. वायू तेवढाच असतो, आता तो बिअरमध्ये असतो. दाब आणि विरघळणं यांचा हा संबंध विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये नियमात बांधला. त्याआधी, १७६७ मध्ये, जोसेफ प्रिस्टली लीड्स शहरात एका ब्रूअरीच्या शेजारी राहत होते. आंबणाऱ्या बिअरच्या टाक्यांवर वायूचा थर साचतो हे पाहून त्यांनी त्या थरात धरलेल्या भांड्यांतून पाणी वरखाली ओतलं, आणि ते पाणी चुणचुणीत झालं. सोडावॉटरची सुरुवात तिथली. जगभरच्या फसफसत्या पेयांचं मूळ बिअरच्या टाकीवर तरंगणाऱ्या वायूत आहे, हे कळल्यापासून मला एअरलॉकच्या बुडबुड्यांकडे बघायला जास्तच आवडतं.

बिनसलं तर

तीन आठवड्यांनीही सपाट? आधी जागेचं तापमान बघा. १५-१६ अंशांच्या खोलीत एलचं यीस्ट फार मंद चालतं. बाटल्या उबदार जागी आणा, प्रत्येक हळूच उलटीसुलटी करून तळाचं यीस्ट उठवा, आणखी दोन आठवडे द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. काही बाटल्या ठीक आणि काही सपाट असतील तर झाकणं गळताहेत. बाटली उघडून वरून कोरडी साखर घालायचा मोह टाळा. जो थोडा वायू आहे तो साखरेच्या कणांवर एकदम सुटतो आणि बिअर हातावर येते.

उघडताच बिअर उसळते? एखादीच बाटली उसळली तर त्या बाटलीत घाण राहिली होती, किंवा साखर नीट मिसळली नव्हती. सगळ्या सारख्याच उसळत असतील आणि चव चांगली असेल, तर साखर जास्त झाली किंवा बाटल्या लवकर भरल्या. आणि आठवड्यागणिक जोर वाढत असेल, चव आंबट किंवा औषधी होत असेल, तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू शिरलेत. साधं यीस्ट जी साखर सोडून देतं तीही ते खातात, म्हणून दाब वाढतच राहतो.

दाब जास्त झाल्याची शंका आली की बाटल्या तपासत बसू नका. डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, पूर्ण बाह्या, आणि बाटल्यांवर जाड टॉवेल टाकून त्या फ्रिजमध्ये हलवा. गार झाल्या की दाब उतरतो आणि यीस्ट थांबतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, टॉवेलखाली, झाकणाची कड जराशी उचलून वायू सोडा आणि नवं झाकण लावा. एखादी बाटली आपोआप फुटलीच असेल तर त्या खोक्याजवळ लगेच जाऊ नका. फुटलेल्या बाटलीच्या शेजारणीतही तितकाच दाब असतो.

ग्लासात

बाटली उभीच आणा, हलवू नका. ग्लास तिरका धरून कडेने ओतायला सुरुवात करा, अर्ध्यावर सरळ करा, म्हणजे फेसाचा दोन बोटं थर येईल. एका दमात ओता. मध्येच बाटली सरळ केली की तळाचा गाळ उठतो. शेवटचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच राहू द्या. ते यीस्ट आहे, अपायकारक नाही, पण चवीला कडसर आणि पावासारखं लागतं. गव्हाच्या बिअरला मात्र तो गाळ मुद्दाम ढवळून घेतात.

बाटली रिकामी झाल्याबरोबर, ग्लास हातात घेण्याआधी, तिच्यात पाणी घालून दोनदा खळबळून ओता आणि उलटी ठेवा. ओला गाळ पाण्याने जातो. वाळला की ब्रश लागतो, आणि पुढच्या बॅचला अशा छत्तीस बाटल्या असतात.